कडा नसलेला पडदा

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या मोठीने मला विचारलं, की आई लग्नाआधी कॉम्प्युटरवर नक्की काय करायची. तिला विचारलं तर ती हसून विषय बदलते, म्हणून मी आजीच लिहून ठेवते. आत्ताच, कारण मला अजून सगळं क्रमाने आठवतं.

२००५ साली मी सहा महिने तिच्याकडे अमेरिकेत, चँडलरला राहिले. ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती. पृथ्वीवर पहिली पेशी होण्याआधी तिचं नुसतं आवरण आपोआप तयार झालं असेल का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी ती साबणासारखे रेणू कॉम्प्युटरमध्ये गणिताने उभ्या केलेल्या पाण्यात सोडायची. या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यांनी एकत्र येऊन पोकळ फुगा करावा, एवढीच तिची अपेक्षा. पण दर वेळी सपाट पडदा व्हायचा आणि तसाच राहायचा. तिची नागपूरची रूममेट जेवताना हमखास विचारायची, "काय गं, फुगली का आज तुझी पोळी?"

शेवटी गाइडने सांगितलं, सपाट पडदा हाही निष्कर्षच आहे, तोच लिहून प्रबंध पूर्ण कर. शिष्यवृत्ती त्या सेमिस्टरला संपत होती. मला ते पटलं.

पण प्रबंधासाठी आकृती काढताना ती अडली. कॉम्प्युटरमधलं पाणी एका चौकोनी डब्यात असतं. उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला रेणू डावीकडून आत येतो, त्यामुळे लहान डबाही समुद्रासारखा वागतो. सगळेच असं करतात. तिचा डबा मात्र फारच लहान होता. पडदा उजवीकडून बाहेर जाऊन डावीकडे स्वतःलाच जोडला गेला होता. त्याला कडाच उरल्या नव्हत्या. कडेला पाण्यापासून पळणारी टोकं उघडी पडतात, आणि ती लपवायलाच पडदा वळतो.

मोठा डबा घ्यायचा तर केलेलं काम बाजूला ठेवायचं, आणि विद्यापीठाच्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा रांगेत उभं राहायचं. मी म्हटलं, आधी डिग्री घे, मग हवं ते कर.

ती म्हणाली, "आई, सपाट पडद्याला आत-बाहेर नसतं. आत काही साठलंच नाही, तर जीव धरणार कुठे?"

तिने मोठाच डबा घेतला. गाइडने एक सेमिस्टर वाढवून दिलं, आणि खर्चासाठी ती पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेऊ लागली.

माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली होती. एका सकाळी तिने लॅपटॉपजवळ बोलावलं. पडदा वाटीसारखा खोलगट झाला होता. पुढच्या आठवड्यात वाटीचं तोंड मिटलं आणि आत थोडं पाणी अडकलं. ते तिने निळ्या रंगात दाखवलं. मग खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

यातून जीव तयार झाला नाही, तसा तिचा दावाही नव्हता. आवरण आपोआप मिटू शकतं, इतकंच तिने दाखवलं.

ते कॉम्प्युटर विद्यापीठाने केव्हाच मोडीत काढले. तुमच्या आईचा प्रबंध तिथल्या ग्रंथालयात आहे, आणि मिटलेल्या फुग्याचं रंगीत चित्र माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे.