कुशीवरचा लॅपटॉप

रोह्याच्या फलाटावर मी लॅपटॉपवर लेकीचा प्रवेशअर्ज भरत होतो. शेवटचा दिवस. फुकटातल्या लिनक्स प्रणालीवर अर्जाची विंडो पडद्यापेक्षा उंच निघाली आणि ‘पाठवा’चं बटन खाली गडप झालं.

शेजारी हमरापूरचा एक मूर्तिकार होता, नखांत सोनेरी रंग. त्याने अंगठा गुडघ्याला पुसला.

"मूर्ती दारात अडकली तर आमी आडवी करतो, दार नाय फोडत," म्हणत त्याने माझा लॅपटॉपच कुशीवर उभा केला. विंडोही सोबत कलंडली.

चिडून मी सेटिंगमध्ये पडद्यावरचं चित्रही फिरवून सरळ केलं, तर उंच झालेल्या पडद्यावर बटन हजर! अर्ज गेला.

"बोललो नाय?" म्हणत तो गाडीत चढला.

चित्र पूर्ववत करायचं बटन मात्र आता अरुंद झालेल्या पडद्याच्या उजवीकडे बाहेर गेलंय. लॅपटॉप सरळ ठेवला की अक्षरं आडवी, म्हणून तेव्हापासून मी सगळं कुशीवर झोपून लिहितो. हेसुद्धा.