भाऊंचे जंगल परत द्या

ज्या माणसाने तीस वर्षे जंगल राखले, त्याला एका खेळातल्या जंगलातूनही हाकलण्याचा अधिकार वाचनालयाच्या चिटणिसांना कोणी दिला? मी विचारतो आहे ते आरमोरीच्या निवृत्त वनरक्षकांबद्दल. सगळे त्यांना नुसते भाऊ म्हणतात, आणि त्यांच्याइतका रागीट, हट्टी आणि सरळ माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. भाऊ उशिरा आलेल्या एसटीवर रागावतात, वेळेवर आलेल्या एसटीवर ‘आज काऊन आली’ म्हणून रागावतात, कच्च्या पपईवरसुद्धा रागावतात. पण त्यांचा अस्सल राग मी पाहिला तो वाचनालयातल्या एकुलत्या एका संगणकापुढे.

त्या संगणकावर मी गावाच्या मागण्यांची पत्रके टाइप करतो. त्यात कोणीतरी एक भयंकर अवघड खेळ टाकून ठेवला होता: काळेकुट्ट रान, तलवारी घेतलेले हाडांचे सापळे, पावलापावलाला मरण. वाटेत एक शेकोटी लागते. तिच्यापाशी बसले की तिथवरची वाटचाल जपली जाते. मेलात तरी तिथूनच पुढे. भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला, मरत-मरत एकदाचे शेकोटीपर्यंत पोचले, आणि खेळात मिळालेले सगळे पाणी ओतून त्यांनी ती विझवली. पुढच्याच वळणावर एका सापळ्याने त्यांना उभे चिरले. खेळ पुन्हा पहिल्यापासून.

“भाऊ, ती विझवायची नाही!” मी ओरडलो.

“काऊन? मोहफुलाच्या उन्हाळ्यात जंगलात पेटता इस्तव सोडून जाते का कोनी? सस्पेंड होशीन ना!”

दुसऱ्या दिवशीही विझवली. आठवडाभर विझवली. दगडाचा देव दिसला की तलवार खाली ठेवायचे. “देवापुढी हत्यार घेऊन उभा रायते का गा?” एवढे म्हणेपर्यंत मागून लांडगे यायचे. मग खेळ बनवणाऱ्याचा उद्धार: “यानं जंगल पाह्यलंच नाई! लांडगा असा बिनकामाचा धावते का? सारेच जीव वैरी, अन् एका झाडाले फळ नाई!” मला हसू यायचे, पण आतून मीही पेटायचो. नदीच्या दोन्ही काठांवरच्या आमच्या जिल्ह्यांबद्दल बाहेरचे लोक असेच लिहितात. जंगल म्हणजे अंधार, आणि त्यात राहणारा प्रत्येक जण संशयित!

गेल्या सोमवारी चिटणिसांनी तो खेळ पुसून टाकला. “वाचनालय आहे हे. म्हाताऱ्या मानसाले पोरखेळ शोभते का? बोंबलते असा, का कोनाले पेपर वाचता येत नाई.” मी भांडलो. भाऊ आता छप्पर उडवणार, अशी माझी खात्री होती. पण ते काठी घेऊन उठले आणि बाहेर पायरीवर बसले.

“गुडघे गेले तवापासून नाक्याच्या पल्याड गेलो नाई मी,” ते म्हणाले. “इथी चालता तरी येत होतं. येकदा त्या रानाच्या पल्याड निघाचं होतं, बस.”

इतके दिवस शेजारी बसून मला हे कळले नव्हते. माझा राग थोडा माझ्यावरही आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला सभासदांची बैठक आहे. खेळ परत टाकावा, असा ठराव मी मांडणार आहे. या, आणि हात वर करा. सभासद नसाल तर दारात उभे राहा. मात्र येताना भाऊंच्या घरावरून या. त्यांना बरोबर घ्या. त्यांना चालायला वेळ लागतो. घरून जरा लवकर निघा.