मुनियांचा पाहुणचार

पहिल्या दिवशी मी पाऊण तास ज्या पक्ष्याचं निरीक्षण केलं, तो शेजाऱ्यांच्या वेलावर वाळलेला दोडका होता. वहीत मी लिहिलं होतं : 'पक्षी स्थिर. वारा आला की मान वळवतो.'

वही माझी नव्हती. आमची लेक प्राची मुनियांवर प्रकल्प करते. मुनिया म्हणजे चिमणीहून लहान, छातीवर ठिपके असलेलं, गवताचं बी टिपून जगणारं पाखरू. लातुरात आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर कंबरभर गवत माजलंय (त्याविरुद्ध मी तीन अर्ज दिलेत, देवकृपेनं एकाचीही दखल घेतली गेली नाही). तिथं थवा दिवसातून किती फेऱ्या मारतो, कोणतं गवत आधी खातो, हे पोरगी आठ महिने गच्चीवरून टिपत होती. शेवटचे पाच दिवस उरले आणि तिला परीक्षेसाठी नांदेडला जावं लागलं. मी गणिताचा मास्तर, दिवाळीच्या सुट्ट्या, त्यामुळं वही माझ्या हातात आली.

"पप्पा, फक्त बघायचं अन् लिहायचं. बाकी काहीच करायचं नाही."

"काही न करण्यात तुझ्या पप्पांचा हात कोण धरणार?" बायको आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खऱ्याखुऱ्या मुनिया आल्या. एकेका बियासाठी काडीला उलट्या लटकत होत्या, आणि मी समोर पोह्यांची ताटली घेऊन बसलेलो. घास उतरेना. आमच्याकडं भांडायला आलेला माणूससुद्धा आधी जेवतो, मग भांडतो. शेवटी मी कठड्याला ज्वारीचं एक कणीस बांधलं. एकच. वहीत लिहिलं नाही, कारण वही पक्ष्यांच्या वर्तनाची होती, माझ्या नव्हे.

तिसऱ्या दिवशी लोह्याहून मेव्हणा आला. बालाजी. शेती करतो. गच्चीवर येऊन त्यानं ते कणीस बघितलं आणि त्याचा चेहराच पडला.

"दाजी, येवढे पाव्हणे अन् एक कणीस? बरं दिसतंय का हे?"

"तू तर रानात यांनाच गोफणीनं हाणतोस ना?"

"रानात आले तर चोर. ताईच्या घरी आले तर सोयरे."

खाली जीपमध्ये बहिणीसाठी आणलेली कणसांची पेंढी होती. ती त्यानं कपडे वाळवायच्या दोरीवर तोरणासारखी लावली. दोन कणसं मधोमध जरा मोठी, शोभेला.

चौथ्या दिवशी थवा दुप्पट झाला. बहुधा देगलूरपर्यंत निरोप गेला असावा. मुनिया दोरीवर बसायच्या, खायच्या, पिसं साफ करायच्या आणि तिथंच डुलक्या काढायच्या. गवताकडं कुणी ढुंकून बघेना. मी प्रामाणिकपणे लिहिलं : 'फेऱ्या शून्य. गवत शून्य. पक्षी समाधानी.'

पाचव्या दिवशी प्राची आली, सोबत तिच्या मार्गदर्शक मॅडम. प्राचीनं दोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"आठ महिने, पप्पा."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"मी एकच बांधलं होतं," मी म्हणालो.

"अन् बाकीची?"

"मी," बालाजी म्हणाला. "भाचीची पाखरं हायती, म्हणलं काई कमी पडू नये."

मॅडम शांतपणे वही चाळत होत्या. दोडक्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "आठ महिने कुठं गेले नाहीत, प्राची. हे दिवस वेगळे काढ. आयतं मिळाल्यावर पाखरू कसं बदलतं, त्याचं एक प्रकरण होईल. आता कणसं काढा आणि किती दिवसांनी पाखरं परत गवतावर जातात ते नोंदव. पण तूच नोंदव."

प्राचीनं डोळे पुसून नवं पान उघडलं. मी आणि बालाजी खाली मान घालून तोरण सोडवायला लागलो. मुनिया आमच्याकडं असं बघत होत्या, जणू भरल्या पंगतीतून आम्ही पत्रावळी उचलत होतो.

"दोन-तीन दिवसांत जातील," मॅडम म्हणाल्या. "भूक लागली की पंख आठवतात."

बायको चहा घेऊन आली होती. माझा कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "पाखरांचं होईल तसं, मॅडम. उन्हाळ्यात मी आठ दिवस लोह्याला गेल्ते. येऊन बघते तर मी निघाले तेव्हा बसलेले त्याच खुर्चीवर हे, तोंड स्वैपाकघराकडं करून बसलेले."