आत्याचे डोळे आणि व्हॅनचा डिमर

आत्यापुढे कुणाचं काही चालत नसे. भाच्याचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून ती शाळेची व्हॅन चालवत होती. त्या आठवड्यात ती सहज बोलून गेली, की तिन्हीसांजेला डॅशबोर्डवरचे आकडे नीट दिसत नाहीत. झालं! घरच्यांना आयतं कोलीत मिळालं.

"आत्या, दिवे ठीक आहेत, तुझे डोळे गेलेत," भाचा म्हणाला. "व्हॅन विकून टाकू. आता आराम कर."

आराम हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा. "दिवा गेलाय की डोळे, ते मी ठरवीन. चल शेडमध्ये!"

भर दुपारी तिने शटर खाली ओढून अंधार केला आणि गाडीचे दिवे लावले. डॅशबोर्ड मिणमिणत होता. फ्यूज उडाला असता तर पार अंधार झाला असता, आणि एखादा बल्ब गेला असता तर तेवढाच कोपरा काळा पडला असता. इथे सगळंच सारखं मंद होतं. तिने स्टिअरिंगशेजारची उजेड कमी-जास्त करायची चकती फिरवली. उजेड फडफडला, गेला, पुन्हा आला.

"डिमर!" ती ओरडली आणि स्वतःवरच हसली. काचेवर झळाळी नको म्हणून तिने ती चकती वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवली होती, आणि आतली पट्टी नेमकी तिथेच झिजली होती. खोड तिचीच. तिने चकतीमागचं झाकण उघडून डिमरच्या दोन्ही तारा वायरच्या एका तुकड्याने थेट जोडल्या. डॅशबोर्ड लख्ख उजळला. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

पण रक्त तेच, हट्टही तोच. "मग ते खालचे बारीक आकडे वाच. किती किलोमीटर झालेत?"

आत्या वाकली. काटा स्पष्ट दिसत होता. आकड्यांच्या जागी मुंग्या होत्या. उत्तर मात्र तिला पाठ होतं. मघाशीच कोपऱ्यावरच्या पंपावर, कधी घेतलाच नव्हता तो चष्मा घरी विसरल्याची थाप मारून, तिने तिथल्या माणसाकडून आकडा वाचून घेतला होता. नुसता म्हणायचा अवकाश, की ती जिंकलीच. तिने मागे पाहिलं. सीटवर शाळेच्या कुणा मुलाची छोटी पाण्याची बाटली राहिली होती.

"नाही दिसत," ती म्हणाली.

"तरी मी म्हणतच होतो..."

"गप्प बस! डिमरही खराब होता आणि डोळेही. दोन्ही मीच शोधले, तू नाही. उद्या मुलांना तू ने, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते."

"आणि व्हॅन?"

आत्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "डिमर गेला म्हणून मी गाडी भंगारात घातली का? मग मला कशाला घालतोस?"