नानांचं फाउंडेशन

नाना कुठलंही वाक्य 'चुकलं माझं' असं म्हणूनच सुरू करायचे. 'चुकलं माझं, पण ह्यो पंखा जरा कमी करू का?' 'चुकलं माझं मॅडम, पण ह्ये परत एकदा सांगता का?' बाकावर सरकून बसताना, दारातून आत येताना, कुणाचं पडलेलं पेन उचलून देतानासुद्धा आधी ते दोन शब्द. आम्हाला वाटायचं, पोराटोरांत येऊन बसल्याचा संकोच असेल. तो होताच. पण ते दोन शब्द संकोचाचे नव्हते, हे कळायला मला बरेच महिने लागले.

बारामतीच्या एका कॉलेजात 'बालपण आणि तरुणाई' या विषयाची पदवी होती. मुलं कशी वाढतात, खेळतात, घाबरतात, घर आणि शाळा त्यांचं काय करतात, असा सगळा तो अभ्यास. पदवीच्या आधी एक जास्तीचं वर्ष असायचं. बारावीला कसेबसे सुटलेले माझ्यासारखे आणि ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं असे मोठे लोक, यांना लिहायची-वाचायची सवय लागावी म्हणून. सगळे त्याला फाउंडेशन म्हणायचे. मी सणसरहून एसटीनं यायचे. नाना वडगाव निंबाळकरचे. सकाळच्या धारा काढून, दूध डेअरीला घालून, मोटारसायकलवर यायचे.

पहिल्या दिवशी पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि काखेत पिशवी घेऊन ते वर्गात आले तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. आम्हाला वाटलं, सर आले. तेही गोंधळून तसेच उभे राहिले. मग मागून आमच्या मॅडम आल्या. वयानं नानांना मुलीसारख्या. नानांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं. मी विद्यार्थीच हाय." वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे नाना झाले, मॅडमचेसुद्धा.

गावाकडं त्यांचं बरं चाललेलं होतं. ऊस होता, गोठाभर गाई होत्या, कारखान्याचे ते सभासद होते. या वयात हा विषय कशाला घेतलात, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. नानांनी भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला. म्हणाले, "आमची मंडळी एकदा म्हणाली, 'पोराला काय कळत न्हाय, पोराला काय कळत न्हाय, असं आयुष्यभर वरडलात. तुमाला पोराचं काय कळतंय?' मला उत्तर आलं न्हाय. म्हणून आलो." मी हसले. मला तो विनोद वाटला होता. ते हसले नाहीत.

फाउंडेशनमधलं आमचं पहिलं मोठं काम होतं, अंगणवाडीत जाऊन एका मुलाकडं तासभर नुसतं बघत बसायचं. बोलायचं नाही, शिकवायचं नाही. ते मूल काय करतं एवढंच पाहायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. नाना परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "पोरगं मातीत डबी घेऊन खेळत हुतं," ते म्हणाले. "मी जरा वेळ बसलो. मग माझ्या तोंडातनं आपोआप गेलं, 'बाळा, शंभरपर्यंत म्हणून दाखव.' पोरगं डबी टाकून पळालं. मॅडम, मला नुसतं बसताच येत न्हाय."

मॅडमनी त्यांना पुन्हा जायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते तोंडावर रुमाल धरून बसले म्हणे. एक चिमुरडी त्यांच्यापुढं आली, तिनं वडाचं पान ठेवलं, त्यावर चिखलाची भाकरी थापून ठेवली आणि म्हणाली, "खा." नानांनी खाल्ल्यासारखं केलं. तिनं पुन्हा वाढली. ते हे सांगत असताना वर्ग हसत होता. नाना खाली बसता बसता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अजिंक्यनं मला असं कवा वाढलं असंल का? असंलच की. मला आठवत न्हाय."

अजिंक्य हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्याबद्दल ते एकदाच सविस्तर बोलले, आईबापांच्या अपेक्षांवर वर्गात चर्चा चालली होती तेव्हा. कुणी विचारलं नव्हतं. ते उठून उभेच राहिले. अजिंक्यला त्यांनी प्राथमिक शाळा संपल्याबरोबर लांबच्या एका निवासी अकॅडमीत घातलं होतं. डॉक्टर करायचं म्हणून. रविवारी पोरांना फोन मिळायचा. अजिंक्य फोनवर रडायचा. "मी म्हणायचो, रडायचं असंल तर फोन ठेव," नाना सांगत होते. "मग ते रडायचं थांबलं. मला वाटलं, सुधारलं पोरगं. आता कळतंय, ते माझ्याशी बोलायचंच थांबलं हुतं." पुढं मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत तो एकदा नापास झाला. नानांनी त्याला पुन्हा बसवलं. पेपरच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "नाना, माझं डोकं रिकामं हुतंय. हातपाय गार पडत्यात." नाना म्हणाले, "नाटकं करू नगं." दुसऱ्या दिवशी तो पेपर अर्धा टाकून उठला, आणि घरी आलाच नाही. आता तो इंदापूरच्या बाहेर, सोलापूर हायवेवरच्या एका हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळतो. आई जाऊन भेटून येते. नानांनी त्या रस्त्यानं कितीदा तरी गाडी नेली होती, पण हॉटेलपाशी वेग कमी करायचा धीर त्यांना झाला नव्हता.

मॅडमनी त्या दिवशी तास लवकर सोडला. त्यानंतर नानांच्या 'चुकलं माझं'वर वर्गात कुणी हसलं नाही.

वर्ष संपत आलं आणि परीक्षा लागली. नानांनी अभ्यास भरपूर केला होता. गोठ्यात शेण काढताना उत्तरं म्हणायचे, वाटेत मोटारसायकलवर म्हणायचे. माझ्यापेक्षा त्यांची तयारी चांगली होती, हे मला माहीत होतं. पहिल्या पेपराला ते माझ्या शेजारच्या रांगेत होते. अर्धा तास झाला असेल. मी मान वर केली तर नानांचा कागद कोरा. कपाळावर घाम. मग ते उठले. कोरा पेपर सरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले.

मी घाईघाईनं पेपर पुरा केला आणि त्यांना शोधत निघाले. गाड्या लावायच्या जागी, आपल्या मोटारसायकलला टेकून ते जमिनीवर बसले होते. टोपी हातात. मला वाटलं, छातीत दुखतंय. पण ते म्हणाले, "काय न्हाय गं झालं. समदं येत हुतं मला. प्रश्न वाचला आन् डोकं धुऊन निघाल्यावानी रिकामं." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "ह्ये असं हुतंय व्हय?"

"होतं, नाना. मलाही बारावीला झालं होतं."

"म्हंजी खरंच हुतंय." एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडायला लागले. हातपाय गार पडलेत, असं म्हणाले, आणि हात पुढं केला. हात खरंच गार होता. "ह्येच सांगत हुतं पोरगं मला. ह्येच. शब्द न शब्द ह्येच. आन् मी त्याला नाटकं म्हणालो."

गाडी चालवायच्या अवस्थेत ते नव्हतेच. ती तिथंच ठेवून ते माझ्याबरोबर स्टँडवर आले. वडगावच्या गाडीत बसतील असं मला वाटत होतं, पण ते इंदापूरच्या एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले. सणसर आलं. मी उतरायला उठले आणि त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे डोळे म्हणत होते, उतरू नको. मी आईला फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि परत बसले.

इंदापूरहून रिक्षा करून आम्ही हॉटेलवर पोचलो. दुपारची गर्दी ओसरली होती. गल्ल्यावरच्या माणसाला मीच सांगितलं, अजिंक्यला बोलवा म्हणून. तो ॲप्रनला हात पुसत बाहेर आला. नाकडोळे अगदी नानांचे. बापाला बघून तो जागच्या जागी थांबला.

"जेवलाय का?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"न्हाय. तू बस जरा."

"हितं गिऱ्हाईक असतंय नाना. आन् मी घरी येणार न्हाय, आधीच सांगतो."

"मी न्यायला आलो न्हाय."

"मग?"

नाना उभेच होते. म्हणाले, "मी कॉलेजात परीक्षेला बसलोय. आज पेपर हुता. मी कोरा टाकून आलो. डोकं रिकामं झालं माझं. हातपाय गार पडलं. तू नाटकं करत नव्हतास. एवढंच सांगायला आलो."

अजिंक्य वळला आणि आत गेला. आम्ही टेबलाशी बसून राहिलो. एका वेटरनं न सांगता पाणी आणून ठेवलं, मग शेवभाजी आणि भाकरी. नाना खाईनात. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. आत भांडी वाजायची बंद झाली होती.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. डोळे लाल होते आणि तोंड धुतलेलं होतं. बापासमोरची खुर्ची ओढून बसला आणि ताट त्यांच्याकडं सरकवत म्हणाला, "परत कधी देता येतोय त्यो पेपर?"

"पुढच्या महिन्यात."

"मग आधी सोप्पा प्रश्न घ्यायचा. पयला प्रश्न पयला सोडवलाच पायजे असं काय नसतंय."

नानांनी मान हलवली आणि भाकरी मोडली.

फेरपरीक्षेत नाना पास झाले. मॅडमनी त्यांना पदवीला प्रवेश घ्यायचा फार आग्रह केला. ते नको म्हणाले. अजिंक्य अकॅडमीत असताना ते गावात मोठ्या तोऱ्यात होते, आणि त्यांच्या शब्दावर भावकीतल्या नि आळीतल्या लोकांनी आपापली पोरं तिथं नेऊन घातली होती. "त्या घरांत जायाचं राहिलंय," ते म्हणाले. आणि ते खरोखर दारोदार गेले. एका घरी चहा मिळाला आणि विषय बदलला गेला. एका घरी मुलाचा बाप उंबऱ्यातच म्हणाला, "तुमचं पोरगं पळालं म्हणून आमचं पळंल व्हय? जावा." गावातले लोक त्यांना हसायला लागले. म्हातारपणी कॉलेजात जाऊन डोक्यावर परिणाम झाला, असं बोलायला लागले. नानांनी मला हे सगळं फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाले, "खरं हाय त्यांचं. मीच सांगितलं हुतं जावा म्हणून. आता मीच न्हाय म्हणतोय. कोण ऐकंल?"

अजिंक्य दिवाळीला घरी आला. एक रात्र राहिला. आईशी पोटभर बोलला, बापाशी कामापुरतं. मी म्हटलं, "नाना, आला तर खरा." ते म्हणाले, "आला. पण झोपताना खोलीच्या दाराला आतनं कडी लावली त्यानं. पयलं लावत नव्हता." मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले तर त्यांनी मला थांबवलं. "बरोबर हाय त्याचं," म्हणाले.

मी मात्र पदवी पुरी केली. आता इंदापूरच्या एका शाळेत मुलांशी आणि पालकांशी बोलायचं काम करते. गेल्या उन्हाळ्यात सुप्याकडचा एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. तिला लांबच्या अकॅडमीत घालायचं चाललं होतं, पैसेही भरून झाले होते. मी विचारलं, मग इथं कशाला आलात? तो म्हणाला, "वडगावात पाव्हण्यांकडं गेलो हुतो. तितं एक पांढऱ्या टोपीवालं म्हातारं भेटलं. म्हणालं, नेऊन घालायच्या आधी पोरीला इचार, आन् ती बोलंस्तवर थांब. बोलता बोलता रडायलाच लागलं. मला घरी आल्यावर झोप लागंना. त्येनंच तुमचं नाव सांगितलं हुतं."

मी मुलीला विचारलं. ती टेबलाच्या कडेवर नख घासत राहिली. बाप दोनदा बोलायला गेला आणि दोन्ही वेळा त्यानं तोंड मिटलं. शेवटी ती म्हणाली, "मी अजून ठरवलं नाही." बाप म्हणाला, "बरं. ठरव."

संध्याकाळी मी नानांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांना आनंद होईल, असं मला वाटलं होतं. पलीकडं गाई हंबरत होत्या, दुधाच्या चरव्यांचा आवाज येत होता. नानांनी विचारलं, "बाप वरडला न्हाय?"

"नाही."

"थांबला?"

"हो नाना, थांबला."

"कितीबी येळ?"

"ती बोलेपर्यंत."

चरवी खाली ठेवलेली ऐकू आली. मग हळूच त्यांचा आवाज आला, "मला का गं न्हाय थांबता आलं?"

हाच विषय शिकून मी पदवी घेतली आहे. रोज कुणा ना कुणा आईबापांना काहीतरी समजावून सांगते. नानांना काय सांगावं, ते मला सुचलं नाही. आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून राहिलो, आणि मग त्यांना कुणीतरी गोठ्यातून हाक मारली.