जज टटल आणि केझायाच्या मेंढ्या

ऑरिन टटल यांची जीभ अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या विधानसभेत भल्याभल्यांना गार करायची. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता ठेवता यावी, असं विधेयक एकदा तिथे आलं. टटल उठले. "आज बायकोची गाय वेगळी, उद्या चूल वेगळी! मग लग्न तरी कशाला करायचं?" सभागृह खो-खो हसलं आणि विधेयक पडलं. त्या भाषणानं त्यांचं नाव गाजलं. पुढे ते न्यायाधीश झाले.

काही वर्षांनी त्यांच्या कोर्टात केझाया रमसी उभी राहिली. नवरा सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला, तो गेलाच. मागे उरलेल्या दोन मरतुकड्या मेंढ्या तिनं शेकोटीपाशी निजवून जगवल्या, त्यांचा कळप केला. आता नवरा हात हलवत परतला होता आणि कळप विकायला निघाला होता.

टटलनी कायद्याची पुस्तकं उलटीपालटी केली. पळवाट नव्हती. बायकोचं ते नवऱ्याचं. त्यांनी निकाल नवऱ्याच्या बाजूनं दिला.

केझाया रडली नाही. "जजसाहेब, हा कायदा बदलता येत नाही का हो?"

"येतो. पण ते काम विधानसभेचं, बाई."

"मग तिथं आमच्या बाजूनं कुणी बोललंच नाही?"

टटल खाली मान घालून उठले.

घरी जेवताना त्यांनी केझायाचा प्रश्न सांगितला. बायको लविनिया म्हणाली, "अहो, तुमच्या त्या भाषणाच्या दिवशी मी सज्जात बसले होते. सगळे हसले. मला नाही हसू आलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढे खूश होतात, कुठल्या तोंडानं बोलणार?"

टटलनी न्यायासन सोडलं आणि पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. "काय टटल, चूल वेगळी करायला निघालात?" लोक भर बाजारात टोमणे मारत. पहिल्यांदा सपशेल पडले. दुसऱ्यांदा जेमतेम निवडून आले, आणि तेच विधेयक त्यांनी स्वतः मांडलं. पुष्कळ काटछाट होऊन ते एकदाचं मंजूर झालं.

ते सांगायला टटल केझायाकडे गेले. ती शेजाऱ्याच्या मेंढ्यांची लोकर कातरत होती.

"माझा कळप परत मिळेल?"

"नाही. झालं गेलं त्याला हा कायदा लागू होत नाही."

तिनं पुढची मेंढी जवळ ओढली. "मग माझ्या लेकीला सांगा. तिचं लग्न ठरलंय."

टोपी काढून टटल स्वयंपाकघरात शिरले. मुलगी पीठ मळत होती. त्यांनी तिला एकेक कलम सोपं करून सांगितलं.

"आणि माझ्या कोंबड्या?" तिनं विचारलं.

"त्याही तुझ्याच," टटल म्हणाले.