बाजूच्या सीटवरची नोकरी

आखातातल्या एका बंदरावर मी बरीच वर्षं क्रेन चालवली. मग कंपनीनं ऑफिसात बसून चालवायची यंत्रं आणली आणि आमच्यातले निम्मे घरी पाठवले. मुरुडला आलो तेव्हा लोकांना वाटलं, सुट्टीवर आलोय. मशिदीबाहेर, मासळीबाजारात, एसटी स्टँडवर एकच प्रश्न : "परत कधी?" आधी "बघू" म्हणायचो. पुढे बाजारात जाणंच सोडलं.

मुंबईकडे एका बंदरात मुलाखत दिली. माझ्याहून लहान साहेब म्हणाला, "अनुभव चांगलाय, पण तिकडचं सर्टिफिकेट इथे चालत नाही." मग इतकी वर्षं मी काय खेळणी उचलत होतो? काशीदला मेहुण्याच्या लॉजवर काम करून पाहिलं. पाहुण्यांना टॉवेल देताना माझं तोंड बघून तोच म्हणाला, "तू घरीच थांब बाबा."

घरी थांबलो, तर आपा मागे लागली. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. नवरा कुवेतला, गाडी दारात धूळ खात उभी.

"मला गाडी शिकव. तुला तरी दुसरं काय काम हाय?"

लागलं मला. पण खोटं नव्हतं.

आपा क्लच धसकन सोडायची. गाडी आचके देत बंद पडायची. मी ओरडायचो, ती त्याहून मोठ्यानं. एकदा भर रस्त्यात गाडी बंद पडली आणि ती खालीच उतरली.

"माझ्यावर कशाला वरडतोस? मी काढलं काय तुला नोकरीवरनं?"

मागे एसटी हॉर्न मारत होती. "बस," म्हटलं, "परत चालू कर."

पावसाळ्यानंतर आपानं आगरदांड्याला एकटीनं गाडी फेरीबोटीत चढवली आणि दिघीला सासरी जाऊन आली. ते ऐकून मोहल्ल्यातल्या आणखी बायका शिकायला आल्या. आता मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. चिडचिड रोज होते. क्रेनवर सगळं माझ्या हातात असायचं. इथे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, माझ्या पायाशी फक्त जादा ब्रेक. ही नोकरी आवडते असं अजून म्हणवत नाही.

उद्या सकाळी एक नवी बाई येणार आहे. तिला रिव्हर्सची फार भीती वाटते म्हणे. आधी मोकळ्या मैदानात नेईन, गल्लीत नंतर.